चोचीचं भांडं

आमच्या चहाच्या भांड्याला चोच आहे, पण ती नुसती दाखवायला. कप भरेपर्यंत निम्मा चहा भांड्याच्या पोटावरून ओघळत ओट्यावर साचतो. म्हणून काल नवीन भांडं घ्यायला गेले. दुकानदारानं चकाकी दाखवली, जाड बूड वाजवून दाखवलं, वर म्हणाला, "ताई, नाव फुकट घालून देतो."

"नाव राहू द्या. तांब्याभर पाणी द्या, ओतून बघते."

तो हसला. "अहो, भांडं कुणी ओतून बघतं का?"

खरंच, कुणी बघत नाही. ज्यानं ही चोच काढली त्यानं जन्मात कधी चहा गाळला नसणार, आणि विकणाऱ्याला तो बसल्या जागी मिळतो. ओटा पुसणारीला विचारायची पद्धतच नाही. लग्नात अशीच भांडी नाव घालून देतात, ते एक बरं. रोज फडकं फिरवताना शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळतं.

अखेर पाणी आलं. पहिल्याच भांड्यानं त्याच्या काचेच्या काउंटरवर ओघळ सोडला. तो घाईनं उठला, दोन खण उघडले, मग माझ्याकडे बघत उभा राहिला. स्वतःच्याच दुकानात फडकं कुठे असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.