बुजवलेले झरोके

आमच्या गावचं चर्च इंग्रजांनी त्यांच्या खेड्यातल्या चर्चसारखं बांधलं. पायऱ्या चढून जायचं उंच जोतं, टोकदार कमानींच्या खिडक्या, चुन्यातल्या दगडी भिंती. छप्पर इतकं उतरतं की वर बर्फ साचू नये. आणि हे चंद्रपूरच्या उन्हात! त्या छपराला पेलणाऱ्या कैच्या मात्र आलापल्लीच्या सागाच्या. इथला एक उन्हाळा सोसल्यावर बांधणाऱ्याला शहाणपण आलं असावं. कैच्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथं त्यानं वीतभर झरोके ठेवले होते. गरम हवा तिथून निघून जाई.

तिथूनच वटवाघळं आत येत. आईचा बाक नेमका खाली.

"देवाच्या घरी येऊन लुगडं खराब होऊन राह्यलं माह्यं," ती म्हणायची. "सिमेंटच्या कारखान्यात हायेस ना तू? मंग बुजव ना थे भोकं!"

घुग्घुसच्या कारखान्यातून सिमेंटची पोती आणून मी झरोके बुजवले. पाळकसाहेबांनी उपासनेत माझे आभार मानले. आई दिवसभर ताठ मानेनं फिरली.

काही पावसाळ्यांनंतर छप्पर खचलं. मी शिडीवर चढून पाहिलं. मधला साग ठणठणीत होता. सिमेंटमध्ये कोंडलेली टोकं तेवढी ओल धरून कुजलेली. बोट आत गेलं.

"शेजारच्या कोळशाच्या खाणीतल्या सुरुंगांनीच खचलं ना?" पाळकसाहेबांनी खालून विचारलं.

"हो, दुसरं काय!"

मंडळी खाणीला शिव्या देत राहिली. मीही दिल्या.

साग उतरला, पत्रे चढले. झरोके तसेच राहिले; ते उघडायचे म्हणजे कबुली द्यायची. त्या उन्हाळ्यात आई अर्ध्या उपासनेतून उठली. "भट्टी झाली रे. मले नाई बसवत." पुन्हा गेली नाही. रविवारी धुतलेलं लुगडं नेसून घरीच बसायची. अशी कितीतरी वर्षं मी पाहत राहिलो.

यंदा तिला सगळं सांगितलं.

"बुजव मीच म्हटलं होतं. तेवढं माह्याकडं. पण सुरुंगाचं मी नाई सांगितलं. थे पाळकसाहेबाले जाऊन सांग."

सांगितलं. त्यांनी चर्चची किल्ली दिली. छन्नीनं मी एकेक झरोका मोकळा केला. तिच्या बाकावर उजेड पडला.

घरी येऊन म्हणालो, "आई, आता हवा येते. रविवारी चल."

"बरं केलंस," ती म्हणाली. "पण आता थ्या पायऱ्या मले कुठी चढवतेत?"