होडीच्या स्क्रूंना कल्हई

"लोखंड! पितळेचं सोंग घेतलेलं लोखंड हाय हे!"

खोपोलीच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानासमोर आमचे शेजारचे काका गरजत होते. हातात दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, आणि त्याला लोंबणारा पिवळाधमक स्क्रू. चोर पकडून चावडीवर आणावा तसा तो स्क्रू काका येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

"अवो काका, बिजागरीला कायबी चालतंय," दुकानदार म्हणाला.

"बिजागरी नाय. होडी!"

दुकानदारानं वाकून बाहेर पाहिलं. बाहेर बोरघाट होता.

पाण्यापासून इतक्या लांब राहून पाण्याशी इतकं वैर मांडलेला माणूस खालापूर तालुक्यात दुसरा झाला नाही. काका साजगावच्या कारखान्यात फिटर. पोहता येत नव्हतं. आंघोळसुद्धा तांब्यावर एक डोळा ठेवून करायचे. पण काकींचं माहेर खाली खाडीकाठी, आणि एका लग्नाच्या पंगतीत मेव्हण्यानं टोला हाणला होता, "आमचं भावजी परातीतल्या पान्यालाबी भितात!" सगळी पंगत हसली. काकीही हसल्या, ते जास्त लागलं. तिथल्या तिथे काकांनी हातातला लाडू खाली ठेवला. "हिला पाण्यावरनं माहेरी आणीन, तवाच तुमच्या दारात जेवीन!"

तेव्हापासून अंगणात सागाची होडी उभी राहू लागली. कोंबड्यांनी तीत अंडी घातली, काकांनी तीत दुपारची झोप घेऊन वल्ही मारायची तालीम केली. अडलं होतं ते स्क्रूंवाचून. खाऱ्या पाण्यात लोखंड कुजतं, म्हणून अस्सल पितळच हवं. दुकानदाराची सगळी खोकी चुंबकानं धुंडाळून काकांनी ते मिळवलं. पण चुंबकावरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता. घरी येऊन दोन स्क्रू त्यांनी गुपचूप काकींच्या लोणच्याच्या बरणीत बुडवले. जे मिठाला आणि आंबटाला पुरून उरेल, ते समुद्राला काय भीक घालणार?

चार दिवसांनी बरणीतून हिरवेगार स्क्रू निघाले आणि काकींचा आवाज भिवपुरीपर्यंत गेला. "अवो, वर्षाचं लोणचं कळकवलंत! पितळंला कल्हई नाय लागत व्हय?"

काकी भांडणाच्या भरात बोलल्या. काकांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी कल्हईवाल्यापुढे पातेल्यांऐवजी स्क्रूंची रास. बिचाऱ्यानं भाता फुंकून सगळे चांदीसारखे लखलखते करून दिले. काका खुशीत होडीपाशी बसले, स्क्रूड्रायव्हर लावला, आणि तो घसरला. दुसऱ्यावरही घसरला. कल्हईनं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत बुजवली होती!

कारखान्यात भल्या भल्या यंत्रांना वठणीवर आणणारा माणूस पायरीवर मान खाली घालून बसला. "ऱ्हाऊ दे गं. मी जेवायचा नाय त्यांच्याकडं, बस."

काकींनी अंबाड्यातला आकडा उपसला, रास पुढ्यात ओढली आणि एकेक खाच खरवडायला बसल्या. तांदूळ निवडावेत तशा. आठवडाभर अंबाडा सुटलेलाच होता.

होडी टेंपोतून मोहोपाड्याच्या खाली, नदीला पाणी पुरतं तिथे नेली. काका वल्ही मारत, डोळे मिटून; काकी तांब्यानं पाणी उपसत. मेव्हणा खाडीच्या धक्क्यावर तोंड उघडं टाकून उभा राहिला, असं सांगतात. काकांनी त्याच्या दारात पोटभर पुरणपोळ्या खाल्ल्या आणि एसटीनं परत आले; होडी मागून टेंपोतून आली.

आता काका नाहीत. होडी अंगणात पालथी आहे, कोंबड्या खाली निवांत. परवा काकींना विचारलं, "पोहता येत नाही अशा माणसाबरोबर होडीत बसलात, भीती नाही वाटली?"

"स्क्रू मी साफ केलंवतं," काकी म्हणाल्या.