शेवटच्या चढावरचं पद

डोंगर माणसाला अंतर्मुख करतो. जसजसं वर जावं तसतसा संसाराचा कोलाहल खाली राहतो आणि माणूस स्वतःच्या समोर येऊन उभा राहतो, असं मी बऱ्याच चांगल्या पुस्तकांत वाचलं आहे. ती लिहिणारे लोक महाशिवरात्रीला प्रतापगडावर गेलेले नसावेत. तिथे माणसाच्या समोर दुसऱ्या माणसाची घामेजलेली पाठ येते, आणि कोलाहल म्हणाल तर तो कर्ण्यांतून आपल्या आधीच वर पोचलेला असतो. शिवाय हा इतिहासाच्या पुस्तकातला घाटावरचा प्रतापगड नव्हे, आमच्या धानाच्या मुलखातला आहे, आणि त्याला डोंगर म्हणायला थोडी श्रद्धा लागते. धानाच्या सपाट बांध्यांमधून उठलेली ती झाडीभरली टेकडी आहे. तिथे महादेव आहे, पडका किल्ला आहे आणि दर्गा आहे. आमच्याकडची माणसं आधी महादेवाला जातात, मग दर्ग्यात डोकं टेकवतात, मग खाली येऊन भजी खातात. तिन्ही गोष्टी सारख्याच मनापासून.

आमचं मूळ घर केशोरीच्या बाजूला एका खेड्यात. पूर्वजांनी तलाव बांधले. त्यानंतर घराण्याने सांगण्यासारखं काही केलेलं नाही, पण शिवरात्रीला महादेवाला जाणं मात्र चुकवलेलं नाही. घरची सगळी माणसं त्रिशूळ घेऊन, गाणी म्हणत, वाटेतल्या टेकड्यांवरच्या लहान महादेवांना पाणी घालत पायी प्रतापगडला जातात. या जथ्याला आमच्याकडे पोहा म्हणतात. मी भावांमधला मधला. नोकरी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत इतिहास शिकवण्याची, घरही तिथेच. पोह्यात मी कधी गेलो नाही. कारण तत्त्वाचं आहे असं मी सांगत असे, आणि पायी चालायला आवडत नाही असं कोणी म्हटलं तर वाद घालत नसे.

बायको मात्र दर वर्षी जायची. माझ्यासाठी डब्यात चिवडा, फळीवर बेसन, पिठलं कसं करायचं याच्या तोंडी सूचना, आणि पिशवी घेऊन ती एसटीने माझ्या भावांकडे. परत आली की मी विचारायचो, "गर्दी होती?" ती म्हणायची, "होती." "दर्शन झालं?" "झालं." आमच्या घरात याला गप्पा म्हणत. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे तिसऱ्याच्या बोलण्यामुळे दोघांना बोलावं लागतं, तसंही कधी झालं नाही.

गेल्याच्या मागल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ती गेली. घर लहान आहे, एकट्याला पुरतं. पण त्यात आवाज कमी पडायला लागला. ती फार बोलत नसे, तरी भांडी ठेवण्याचा तिचा एक आवाज होता, आणि मी कितीही आपटून ठेवली तरी तो येत नाही. टीव्ही मी बातम्यांसाठी लावतो असं शेजाऱ्यांना सांगतो. गाणीही चालू असतात, हे त्यांना भिंतीतून ऐकू येतं.

थंडी सरता सरता थोरल्या वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, यंदा तुमाले यावंच लागते."

"मी कायले?"

"मधलीचं पद वर न्याचं हाये."

मधली म्हणजे माझी बायको. पद म्हणजे काय, ते वहिनींनी मला समजावलं. ढ पोराला शिकवावं तसं, दोनदा. प्रतापगडचा शेवटचा चढ चढताना आमच्या घरातलं प्रत्येक जण आपलं स्वतः जुळवलेलं पद म्हणतं, दोन ओळींचं नाहीतर चार. बाकीचे पाठीमागून महादेवाचा गजर करतात. ज्याचं पद त्यानेच म्हणायचं, दुसऱ्याने नाही. माणूस गेलं की येणाऱ्या शिवरात्रीला त्याच्या चुलीवरच्या कोणीतरी ते पद एकदा त्या चढावर म्हणायचं. मग ते सगळ्यांचं होतं, कोणीही म्हणावं. कोणी वर नेलं नाही तर ते खालीच राहतं, आणि पुन्हा कोणी तोंडातून काढत नाही. मधलीच्या चुलीवर आता माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"पण मला ते येत नाही," मी म्हटलं.

"चढावर सांगीन मी कानात."

"आत्ता सांगा ना."

"खाली सांगाचं नसते. चढावर दम पुरत नाही मंग."

दम न पुरण्याची कारणं वैद्यकात वेगळी दिली आहेत, पण ती मी काढली नाहीत. माझं लक्ष दुसरीकडेच होतं. माझी बायको गात होती, ही बातमी मला नवी होती. आमच्या घरात तिने कधी साधी गुणगुण केली नव्हती. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला घरातलं एवढं मोठं साधन सापडू नये, हे शोभण्यासारखं नव्हतं, पण मला तेव्हा लाज वाटली नाही. मला फक्त एवढं कळलं की तिचे चार शब्द असे आहेत जे मी अजून ऐकलेले नाहीत, आणि ते ऐकायची जागा एकच आहे. मी एसटीत बसलो.

पोह्याचे प्रमुख थोरले भाऊ. त्यांनी निघताना अंगणात भाषण केलं. पोहा म्हणजे शिस्त, पोहा म्हणजे त्याग, आपल्या वाडवडलांनी काटे तुडवले, वगैरे. मग गुडघ्यामुळे ते सामानाच्या टेम्पोत बसले. त्रिशूळही टेम्पोत गेला. गाव जवळ आलं की दोघेही खाली उतरत आणि गाव संपेपर्यंत सगळ्यांच्या पुढे चालत.

लाखोरी डाळीच्या शेतांमधून आमची वाट होती. धाकटा भाऊ माझ्याबरोबर चालत होता, अनवाणी.

"भाऊ, चपला काढा ना. सारे अनवानी चालून राहिले."

"माझा काही नवस नाही."

"नवस त माया बी नाही. मी लाजेनं चालून राहिलो."

मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, मधलीचं पद कसं होतं रे. त्याने दुपट्ट्याचं टोक तोंडात धरलं.

"गाजलेलं हाये," तो म्हणाला, आणि मागे वळून त्याच्या बायकोला हाक मारली, "आयकलं का, भाऊ पदाचं इचारून राहिले." मागे बायका हसल्या. का हसल्या ते कोणी सांगितलं नाही.

हे मला बरं वाटलं नाही. वाटेत एका टेकडीवरच्या महादेवाला पाणी घालताना मी मनात याद्या करत होतो. तिने मूल मागितलं असेल, असं मला बहुतेक वाटत होतं. त्याबद्दल आमच्यात डॉक्टरच्या खोलीबाहेर कधी बोलणं झालं नाही. किंवा तक्रार असेल. ती असायला जागा होती. यातलं काहीही असलं तरी ते आता माझ्या तोंडून, सगळ्या नातेवाइकांसमोर, कर्ण्यावर मात करत निघायचं होतं. पण मग बायका हसल्या का? या प्रश्नापाशी यादी अडत होती. बाकीचे लोक पुढे गात चालले होते. मला गाणी येत नव्हती, म्हणून मी तांब्या धरून मागे राहिलो. इतक्या नातेवाइकांमध्ये एकटं राहण्याची सोय पोह्यात चांगली होते. कोणी चौकशी करत नाही. भक्ती चालली आहे असं समजतात.

प्रतापगडच्या पायथ्याशी स्वागताची कमान होती. तिच्यावर पुढाऱ्यांचे चेहरे महादेवापेक्षा मोठे होते आणि संख्येनेही जास्त होते. थोरले भाऊ टेम्पोतून उतरले, त्रिशूळ खांद्यावर घेतला आणि कमानीखालून असे गेले की कमान त्यांच्यासाठीच उभारली असावी. आम्ही मागून चढायला लागलो. दगड चपटे झालेले, दोन्ही बाजूंनी पोहे, कोणाची डफडी, कोणाच्या झांजा. शेवटच्या चढाशी आमची माणसं थांबली. आधी थोरल्या भावांनी त्यांचं पद म्हटलं. ते वाडवडलांच्या तलावावर होतं आणि लांब होतं. मग वहिनींनी माझा दंड धरला, पदर तोंडापुढे घेतला आणि कानात पहिली ओळ सांगितली.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मना ना," त्या म्हणाल्या. "मागचे खोळंबले."

मी म्हटलं. माझा आवाज वर्गात धडा वाचायचा आवाज आहे, आणि तो तसाच निघाला.

आमचा महादेव बाई कैलासावर बसला
घरचा महादेव बाई पुस्तकात घुसला

गजर झाला. हर बोला हर हर महादेव. गजरात हसू मिसळलेलं होतं, धाकट्याचं सगळ्यांत मोठं. वहिनींनी पुढची ओळ सांगितली.

त्याले वाहू बेल बाई याले देऊ चहा
दोन देवायचा संसार कोनी येऊन पाहा

पुन्हा गजर झाला. शेजारच्या पोह्यातली एक अनोळखी म्हातारी थांबली आणि तिने थोरल्या भावांना विचारलं, "कोनाचा गा हा घरचा महादेव?"

"हाच होय," थोरले भाऊ त्रिशुळाने माझ्याकडे दाखवत म्हणाले.

म्हातारीने मला नीट पाहून घेतलं. "दिसते," ती म्हणाली आणि चढायला लागली.

मीही हसलो. हसताना लक्षात आलं की हे सगळे लोक दर वर्षी याच दगडांवर मला हसत आले आहेत. मी गोरेगावात खुर्चीत बसून वाचत होतो, तेव्हा इथे माझी आठवण निघत होती, गजरासकट. मी दर वर्षी या डोंगरावर येतच होतो. मला कळवलं गेलं नव्हतं, एवढंच. आणि परत आल्यावर "गर्दी होती" असं म्हणताना ती तोंड वळवून पिशवी रिकामी करत असे. ते तोंड मी कधी समोर जाऊन पाहिलं नाही.

पुढे दर्शन झालं. पिंडीसमोर उभं राहायला मिळालं नाही, मागून रेटा होता. वहिनी खाली येताना म्हणाल्या, "लागलं ना पद वर. आता सुटली ती." त्या मोकळेपणाने रडल्या, मग आम्ही दर्ग्यात गेलो, मग भजी खाल्ली.

गोरेगावला परतलो तेव्हा मला तिच्याशी बोलायचं होतं. दोन मुद्दे होते. एक, पुस्तकात 'घुसला' हा शब्द अन्यायाचा आहे. दोन, चहा बऱ्याच वेळा मीही केला होता. उत्तर तयार होतं आणि ते चांगलं होतं, पण द्यायला समोर कोणी नव्हतं. चहा केला. कप ठेवल्यावर माझाच आवाज झाला.

त्यानंतरचं वर्ष मी वाट पाहण्यात काढलं. पद आता सगळ्यांचं झालं होतं. नियमाप्रमाणे कोणीही म्हणू शकत होतं, म्हणजे ते म्हटलं जाणार होतं, आणि मला ते बाईच्या आवाजात ऐकायचं होतं. माझ्या तोंडून ते वाचल्यासारखं निघालं होतं. तिची चाल कशी होती, कुठे थांबायची, 'चहा' वर आवाज चढायचा की उतरायचा, हे मला अजून माहीत नव्हतं. वहिनींना माहीत होतं, त्या तिच्याशेजारी उभ्या असायच्या. यंदा शिवरात्रीला मी न बोलावताच गेलो. चपलाही काढल्या. धाकटा म्हणाला, "लाज वाटली वाटते," आणि मी हो म्हटलं.

शेवटच्या चढावर थोरल्या भावांचा तलाव झाला. मग वहिनींचं पद झालं, मग बाकीच्यांची. मी तांब्या घेऊन जवळच उभा होतो. रांग पुढे सरकायला लागली.

"वहिनी," मी म्हटलं, "मधलीचं पद?"

"ते आता कसं मनाचं, भाऊजी?"

"काऊन? ते तर सगळ्यांचं झालं ना."

"झालं ना. पन घरचा महादेव पुस्तकात घुसला, मनाचं, अन् तुमी त इथं चढून राहिले, तांब्या घेऊन. मागचे लोक काय मनतीन? पद खरं पायजे बापा." मग माझ्याकडे पाहून त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमी गेल्या साली आले तवाच सरलं ते."

मी विचारलं, मी पुढच्या वर्षी आलो नाही तर? त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की एकदा सोडलेलं पद पुन्हा धरत नाहीत. आणि मी यावं, मागे तांब्या धरायला कोणीतरी लागतं.

त्या जागी आता धाकट्याची बायको आपलं नवं पद म्हणते. ते ट्रॅक्टरवर आहे.