सायकलमार्गावर भेटलेला दादा

माझी आत्या दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. तिथे एक लांबलचक तापलेला रूळ असतो. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कडक चादर काढायची. त्या वाफेत उभं राहून तिची पक्की समजूत झाली होती की ऊन, उकाडा वगैरे गोष्टी नाजूक लोकांसाठी असतात. आम्ही पंख्याखाली हाशहुश करत बसलो की ती म्हणायची, "याला तुम्ही उकाडा म्हणता? एकदा या माझ्या रुळापाशी."

तिचं लग्न ठरलं होतं, मोडलं, आणि मग तिने तो विषयच घडी घालून ठेवून दिला. बाबा असताना ती आमच्याकडेच राहायची, बाबा गेल्यावरही राहिली. बाबा विजेच्या खांबांवर काम करायचे. दोघं बहीणभाऊ येता-जाता भांडायचे, पण एकाने जेवण टाकलं की दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आता घरात आई, आत्या आणि मी. आई तिला 'वन्सं' म्हणते. दोघींचं पटतं असंही नाही आणि पटत नाही असंही नाही.

कामावरून घरी यायला तिला नवा सायकलमार्ग सापडला होता. जुन्या नाल्यावर स्लॅब टाकून केलेला, काळा कुळकुळीत. एका अंगाने चालणाऱ्यांचा पट्टा, दुसऱ्या अंगाने सायकलींचा. आधीची झाडं कामात गेली, त्यांच्या जागी लोखंडी पिंजऱ्यांत गुडघ्याएवढी रोपं. कडेला काचेच्या इमारती. त्यामुळे ऊन वरून यायचं, काचेवरून यायचं आणि जमिनीतूनही यायचं. सकाळी तिथे चालणाऱ्यांची रीघ लागे. दुपारी कुत्रंही फिरकत नसे. आत्याला मात्र तो फार आवडायचा. "रस्ता कसला गं, सुरकुती नसलेली चादर आहे," ती म्हणायची, आणि भर दुपारी कामाची पाळी संपली की डोक्याला काही न बांधता निघायची.

त्या दिवशी ती नेहमीपेक्षा बरीच उशिरा घरी आली. सायकल हातात धरून, केस ओले, पदर ओला. दंडावर, पोलक्याच्या बाहीवर, पाच पांढरी बोटं उमटलेली.

"अहो वन्सं, हे काय?" आई घाबरली.

आत्या खुर्चीत बसली. आमच्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दादा भेटला होता."

दादा म्हणजे माझे बाबा.

मी विचारलं, "कुठे भेटले?"

"सायकलमार्गावर. मला घर कुठल्या बाजूला ते कळेना गं. सरळ रस्ता, तरी कळेना. दोन्ही टोकं सारखी दिसायला लागली. उतरले, उभी राहिले. तर दादा आला. नारिंगी जाकीट घातलेलं, कामावर घालायचा ना, तसलंच. दंडाला धरून सावलीत बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. मी म्हटलं, सोड मला, मी काही लहान नाही. मग सायकलीसकट टेम्पोत बसवून दिलं, कोपऱ्यावर उतरले."

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांना नीट दिसावं ही माझी जबाबदारी. पण त्या क्षणी मला काही म्हणजे काही दिसेना. आत्याला वेड लागलं, की वय झालं, की ती आमची थट्टा करते आहे? थट्टा करताना ती एक भुवई उचलते. भुवई जागेवर होती.

मी तिला तशीच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी अंग तपासलं, सलाईन लावलं आणि विचारलं, "आज वार कोणता?"

"कामावर गेले होते म्हणजे रविवार नाही," आत्या म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊन बाधलंय. अंग फार तापलं की माणूस असं बरळतो. वेळेवर पाणी ओतलं कुणीतरी, नाहीतर अवघड होतं. पण वय बघता डोक्याच्या तपासण्याही करून घेऊ." म्हणजे आम्ही पुन्हा अधांतरीच. ऊन की वय, तेही धड कळलं नाही. तपासण्यांत पुढे काही निघालं नाही, पण तोवर घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी आत्या झोपली होती. आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "तू विचार ना आत्याला. आणखी काही म्हणाले का ते?"

"आई, बाबा नव्हते ते."

"मला कळतं गं. तरी विचार."

शेवटी आईनेच विचारलं, दुसऱ्या दिवशी, चहा देता देता, जणू भाजीचा भाव विचारावा तसं. आत्या आठवत बसली. "म्हणाला खरं. वहिनीला सांग, आतल्या कोंदट खोलीत कशाला उकडून घेतेस? बाहेरच्या खोलीत झोप, खिडकी उघड."

बाहेरची खोली बाबांची. ते गेल्यापासून आई तिथे झोपली नव्हती. ऐन उन्हाळ्यातही आतल्या बिनखिडकीच्या खोलीत तळमळत पडायची, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नसू.

त्या रात्री आईने आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. मी बघितलं, आत्याने बघितलं. मला आनंद व्हावा की काळजी वाटावी, ते ठरेना. शहाण्या दोन बायका. एक म्हणते मेलेला भाऊ भेटला, दुसरी त्याचा निरोप पाळते.

बाहीवरची पांढरी बोटं काही गेली नाहीत. धुलाईघरातले सगळे उपाय आत्याने करून पाहिले. रक्ताचे डाग काढणारी बाई, पण हा डाग तिला हार जाईना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा तर रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग!

सुट्टी बघून मी आत्याला घेऊन सायकलमार्गावर गेले. या खेपेला तिच्या डोक्याला ओला पंचा बांधूनच. वाटेत वरून मोठ्या रस्त्याचा पूल जातो, त्याच्याखाली एक टेम्पो उभा होता, आणि पुढे दोघं-तिघं जमिनीवर पत्र्याचे साचे ठेवून पांढऱ्या सायकलींची चित्रं रंगवत होते. त्यातलं एक माणूस उठून आमच्याकडे आलं. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात ढगळ नारिंगी जाकीट.

"अरे, मावशी! बऱ्या आहात ना?" आवाज घोगरा.

आत्याने माझा हात घट्ट धरला. "कोण तुम्ही?"

त्या माणसाने फडकं खाली ओढलं, चष्मा काढला. माझ्याच वयाची बाई होती ती, उन्हाने रापलेली.

"तुम्ही?" आत्या म्हणाली. "मग दादा?"

"तुम्हीच म्हणत होता मला दादा. मी म्हटलं, म्हणू दे. नाव सांगत बसायची वेळ होती का ती? अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. आमच्यातला एकजण मागच्या वर्षी असाच आडवा झाला होता, म्हणून कळलं. पुलाखाली ओढत आणलं तर माझ्याशी भांडायला लागलात."

"आणि तुम्ही माझ्या आईसाठी निरोप दिलात, तो?" मी विचारलं.

"कसला निरोप?"

मी खोलीचं, खिडकीचं सांगितलं. ती हसायलाच लागली. "अहो, मी कुठे तोंड उघडलं! दोन्ही बाजूंनी या एकट्याच बोलत होत्या. प्रश्न यांचा, उत्तरही यांचंच. उत्तर देताना आवाज जाड काढायच्या. टेम्पोवाल्याला वाटलं, नाटकात काम करतात."

आत्याचा चेहरा मला अजून आठवतो. लाज नव्हती, दुःखही नव्हतं. पाय खाली टाकावा आणि पायरीच नसावी, तसा.

त्या बाईने आम्हाला पुलाच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. दुपारचं काम बंद करून पहाटे करू द्या, म्हणून त्या सगळ्यांनी मुकादमामागे लकडा लावला होता. "रंग पण नीट बसत नाही या उन्हात," ती म्हणाली. "माणसाचं नाही ऐकत, रंगाचं तरी ऐकतील."

घरी आल्यावर आईला सांगावं की नाही, यावर आम्ही जिन्यातच कुजबुजत वाद घातला. शेवटी आत्याने सरळ सांगून टाकलं. "वहिनी, तो दादा नव्हता. ती रंगारी बाई होती. आणि ते खोलीचं मीच बोलले म्हणे."

आईने हातातल्या कपड्याची घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, तर मग तोंडावर सांगायचं होतं की इतके दिवस."

"ऐकलं असतंस?"

"काय माहीत," आई म्हणाली. गादी मात्र तिने परत आत नेली नाही.

आत्या आता धुलाईघरामागच्या बोळातून येते. वळसा पडतो, खड्डे आहेत, पण दोन्हीकडच्या भिंतींची सावली असते. सायकलमार्गाला ती 'तवा' म्हणते. पूर्वीसारखं रुळाचं कौतुकही सांगत नाही. पाणी सोबत नेते, आणि कुणी उन्हात निघालं की अंगावर धावून जाते.

परवा त्याच बोळात आम्ही सायकली हातात धरून चाललो होतो. ती मध्येच थांबली.

"आवाज मी काढला, हे मला पटलं," ती म्हणाली. "ऊन बाधलं, तेही पटलं. पण वहिनीच्या त्या खोलीचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता गं. शप्पथ. मग तोंडात आला कुठून?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. सायकलची घंटी वाजवून पुढच्या म्हाताऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि चालायला लागली.