डार्मश्टाटला दिवस मावळेना

आधी आल्या त्या सोखाच्या आई. सांगितल्या वेळेच्याही आधी, हातात पपई. मागून सोखा, धापा टाकत. ही कंबोडियाची मुलगी माझ्या मुलाच्या विद्यापीठात शिकते, खालच्याच मजल्यावर राहते. मुलगा-सून अजून कामावरून यायचे होते. घरात मी आणि आठ वर्षांची नात, ईरा.

ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. हो म्हणायचं तर "या, आजी," नाही म्हणायचं तर "नाइन, आजी." परत निघायच्या आत तिच्या तोंडून एक तरी अख्खं मराठी वाक्य ऐकायचं, एवढीच माझी आस.

तुम्ही जाणार असाल तर सांगते, फ्रँकफर्ट विमानतळावरून डार्मश्टाटला थेट बस आहे. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणायची. फुलवाती इकडूनच न्या. आणि जूनमध्ये दिवेलागणीची वाट बघू नका. मी बघितली. निरांजन लावल्याशिवाय आमच्यात पानं वाढत नाहीत, आणि ऊन तर ढिम्म हलेना. मसालेभात गार, पाहुण्या उपाशी.

सोखानं ईराला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मी निरांजन दाखवलं, "लाइट. मग जेवण."

सोखानं तो इंग्रजी शब्द फोनवर घातला, तर त्यांच्या ख्मेर भाषेतले शब्द रांगेनं आले. आईंनी चष्मा लावून वाचले, "पन्लू, फ्लुंग, स्राल, ख्चेइ."

मला काय कळणार? जर्मनही येत नाही. मग ईराच सोखाला विचारून मला सांगायला लागली. "पन्लू, उजेड. फ्लुंग, दिवा. स्राल..." तिनं रिकामं ताट उचललं. "जड नाही."

"हलकं."

"हां, हलकं. ख्चेइ, तुझ्या साडीचा हिरवा."

"फिकट गं."

सोखाच्या आईंनी पोटावर हात ठेवला. "स्राल."

हसून हसून पुरेवाट. तेवढ्यात ईरा उठली. तिकडे खिडक्यांना बाहेरून गुंडाळीची झापडं असतात, रोलाडेन. तिनं पट्टा ओढून ती सगळी खाली सोडली. मिट्ट काळोख.

"आजी, मी रात्र केली. आता दिवा लाव आणि आम्हाला जेवायला वाढ."

माझी काडी दोनदा विझली.

तेवढ्यात मुलगा आला. "आई, लाइट गेली की काय?"

"बाबा, शू," ईरा म्हणाली. "आजी दिवा लावते."

आता कराडला परत आलेय. ऱ्हाइनवरची बोट बघितली, किल्ला बघितला, चांगलं होतं सगळं. पण रोज फोनवर नात मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलते, त्यापुढे काय. सोखा आणि तिच्या आई मायदेशी जाताना वाकडी वाट करून इकडे येणार आहेत, ईराच्या घरच्यांसोबत. दिवस ईरानंच सांगितलाय, मराठीत, "दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, आजी."