मार्थाक्काचं बाबेल

या गं पोरींनो, वाटेत भेटलात तर अशा जवळ सरका. मार्थाक्काच्या मातीला दोन जीपा भरून आलात, आणि आता महिना होत आला तरी एकीचाही पाय आमच्या उंबऱ्याला लागला नाही. असं असतंय का? मी साताऱ्याला लेकीकडं होते, तेव्हा मुलाचा फोन आला, "आई, मोठी आई गेली." डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात काय आलं सांगू... आता सगळ्या बाया म्हणतील, बाबेलच्या राजाची गोष्ट सांगणारी गेली. आणि म्हणाल्याच. वाचणारीचं नाव कुणी घेतलं नाही.

मार्थाक्का माझी थोरली जाऊ. माणदेशातली, मेंढरांमागं वाढलेली; तिला अक्षर येत नव्हतं. मी पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून, ओळीखाली बोट धरून, माझी मीच वाचायला शिकलेली. दर शनिवारी जेवणं झाली की ती दारातल्या उजेडात माझ्यासाठी पाट मांडायची. मी पवित्र शास्त्रातला, बायबलातला अध्याय वाचायचे, ती सुपात तांदूळ निवडत ऐकायची. आणि रविवारी चर्चमध्ये बायकांच्या सभेत तोच अध्याय ती सांगायची. "बाबेलचा राजा गच्चीवर चढला, मिशीवर हात फिरवला, म्हणाला, हे समदं मी बांधलं. आवं राजे, आन तुमाला कुणी घडवलं?" बाया हसायच्या. मग ती आवाज खाली आणायची. "एवढं मोठं राज्य, पण 'मी' म्हणलं की भिंत आतनं पोकळ हुती बघा. आज तिथं मेंढरंबी कुणी बसवत न्हाई." बाया डोळे पुसायच्या आणि माझा जीव जळायचा. वाचलं मी, वाहवा तिची.

त्या जळण्यापायी एका शनिवारी मी पाप केलं. गर्वापायी राजाची मती गेली, तो बैलासारखा गवत खाऊ लागला, तिथवर वाचलं. पुढं तो आभाळाकडं वर बघतो आणि देव त्याची मती परत देतो... त्या ओळी न वाचताच मी बोट उचललं आणि पुस्तक मिटलं. रविवारी अक्कानं राजाला गवतातच सोडला. चर्चचे पाळकसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मार्थाबाई, देवाची दया कुठं ठेवली?" मी मान खाली घालून मनात हसले. ती एवढंच म्हणाली, "माझ्याच ध्यानातनं गेलं, साहेब." पुढच्या शनिवारी पाट मांडलेलाच होता.

साताऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी आजारी अक्काच्या उशाशी बसले होते. म्हणाली, "त्या राजाला अजून गवतातच ठेवलायस का गं?"

"तुला कळलं हुतं?"

"मला अक्षर कळत न्हाई, तुझं बोट तर दिसतंय. पान निम्मं ऱ्हायलं हुतं." मग हसली. "मीबी काय साधी न्हाई. तुझं बोट चालायला लागलं की लय वाटायचं, हे वाचणं आपल्याला मिळावं. म्हणून तर रविवारी एवढी मिरवायचे."

एवढी वर्षं मी तिच्या जिभेवर जळले, आणि ती माझ्या बोटावर. "आल्यावर वाचते," म्हटलं. आले तेव्हा उशीर झाला होता.

परवा शनिवारी मीच पाट मांडला. समोर सूप ठेवलं. पण राजा वर बघतो त्या ओळीशी बोट थांबलं, पुढं जाईना. मला वाचता येतं गं, ऐकायला कुणीतरी लागतं. या शनिवारी जेवणं उरकली की या. तांदूळ काढून ठेवते.