आतली कडी

माझा पुढचा एक दात खोटा आहे. कुणी विचारलं की बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगते. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता ते बाथरूमही मला डोळ्यांसमोर दिसतं. खरं म्हणजे तो दात एका बाईनं अर्ध्या विटेनं पाडला, आणि तिच्यावर ती वेळ मीच आणली होती.

शिर्डी आणि राहात्याच्या मध्ये एक बंद पडलेलं लॉज आमच्या संस्थेला मिळालं होतं. वर्षानुवर्षं फुटपाथवर झोपणाऱ्यांना तिथे कायमची खोली द्यायची, ही योजना मी तयार केली. आधी खोली, बाकीचं सगळं नंतर. दारू सोडलेली असावी, कागदपत्रं असावीत, अशा अटी घातल्या की माणूस रस्त्यावरच संपतो, हे मी विश्वस्तांना तावातावानं पटवून दिलं. मी भांडखोर आहेच. माहेरी सगळे मास्तर आणि कारकून, त्यामुळे दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही.

एका गोष्टीवर मात्र वाद झालाच नाही. खोल्यांच्या आतल्या कड्या मी सुताराला सांगून काढून घेतल्या. कुणी पिऊन पडलं, कुणी गळफास लावून घेतला, तर आम्हाला आत जाता आलं पाहिजे. आराखड्यात त्या मुद्द्याला मी ‘सुरक्षितता’ असं नाव दिलं होतं आणि त्यावर जाम खूश होते.

ती बाई आली तेव्हा तिच्या बोचक्यात दोन लुगडी, एक जर्मनचं पातेलं आणि अर्धी वीट होती. प्रसादाच्या एका दुकानाच्या पायरीवर तिची उमेदीची वर्षं गेली होती. गर्दीचे दिवस जवळ आले की तिथे भिकारी उचलणारी गाडी यायची, काठ्या घेतलेली माणसं उतरायची आणि झोपलेल्यांच्या नडगीवर मारत त्यांना गाडीत कोंबायची. एरवी दारुडे यायचे. तिचा एक कान फाटलेला होता, दोन बोटं वाकडी जुळली होती. वीट काढून घ्या, असं वॉचमन म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, एवढ्यानं काय होतंय?

लोखंडी पलंगावर ती कधी झोपलीच नाही. दाराला पाठ लावून जमिनीवर झोपायची. आम्हाला वाटलं, फरशीची सवय आहे, सुटेल हळूहळू. मी तिच्यासाठी जाड गादी आणली, दोनदा समजावलं, आणि अहवालात ‘रुळायला वेळ लागतो आहे’ असं लिहिलं. मला आज त्या वाक्याची लाज वाटते.

आमचा वॉचमन भिंगारच्या लष्करी छावणीत नोकरी केलेला. सकाळी सहाला प्रत्येक दार उघडून तो हजेरी घ्यायचा. एरवी ती तोवर उठलेली असायची. एके दिवशी तिचं दार उघडेना, म्हणून त्यानं खांदा लावला. दार फटभर उघडलं आणि त्या फटीतून वीट आली. त्याचं कपाळ भुवईपर्यंत फाटलं. भिंतीवर रक्ताचा फराटा उठला होता, तो मी स्वतः पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्वस्तांची बैठक ठेवली. अध्यक्षांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, “मॅडम, वॉचमननं तक्रार दिली की बाई संध्याकाळपर्यंत बाहेर.” बाहेर म्हणजे पुन्हा ती पायरी आणि त्या काठ्या.

तिनं वॉचमनची माफी मागावी म्हणून मी बैठकीच्या दिवशी सकाळी दहाला तिच्या खोलीकडे गेले. खरं सांगायचं तर मी तिच्यावरच चिडले होते. माझी सगळी योजना हिच्या एका विटेपायी बदनाम होणार, हेच डोक्यात होतं. दार ढकललं, उघडलं नाही. हाक मारायचं मला सुचलं नाही. मीही खांदा लावला.

तोंडात आधी विटेची माती आली, मग रक्त, मग दाताचा तुकडा. आणि पुढच्या क्षणी मी तिच्या कानाखाली ओढली. फाटलेल्या कानाच्याच बाजूला. पुन्हा हात उचलला. तिनं वीट खाली टाकली आणि डोक्यावर दोन्ही हात घेऊन ती खाली बसली. किती मार बसणार हे मोजत असलेल्या माणसासारखी. माझा हात वरच राहिला.

मग तिनं वर पाहिलं. “ताई, तुमी व्हय? आवाज द्यायचा हुता वो.” तिनं पदर माझ्या तोंडाला लावला. “तिथं पाठीमागं शटर हुतं. बंद असायचं. पुढनं कोन आलं तर दिसायचं. हितं दार मागनंच उघडतंय.”

फरशीची सवय वगैरे काही नव्हतं. मी काढून टाकलेल्या कडीच्या जागी ती रोज स्वतः झोपत होती.

बैठकीत अध्यक्षांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बाथरूममध्ये पडले. वॉचमन डोक्याला पट्टी बांधून दारातच उभा होता. तिच्या खोलीपासून नळापर्यंत सांडलेलं माझं रक्त त्यानंच पुसलं होतं. आता सगळं त्याच्यावर होतं.

“व्हय,” तो म्हणाला, “तिथं लई निसरडं हाय. माझीबी तक्रार न्हाई.”

बाहेर आल्यावर मी त्याला कारण विचारलं. तो चपला शोधत म्हणाला, “मला झोपंत हात लावला तर मीबी मारतो. बायको लांबूनच हाक देती.” त्याला मी तोवर दगड समजत होते.

त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून सगळ्या कड्या परत बसवून घेतल्या. मी तिला मारलं हे मी कुणालाच सांगितलं नाही, तिनंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वॉचमन तिच्या दारापासून चार हात लांब उभा राहिला आणि त्यानं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. गळफास, विष, काय काय माझ्या मनात येऊन गेलं. दार फोडायला मी खांदा पुढे केला, तेव्हा वॉचमननं मला हातानं अडवलं.

“हाय,” आतून झोपाळू आवाज आला. “झोपू द्या जरा.”

आणि पलंग करकरला.